चार बोटं जागा

गाडी कुणाचीही असो, नानांचा पहिला हात तिच्या चाकावर जायचा. उजव्या हाताची चार बोटं जुळवायची, टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत आडवी सरकवायची, डोळे मिटायचे आणि मालकाला सांगायचं, "पहिले मानसं बठाडा."

मालक वैतागायचा. "माणसं कशाला? गाडी उभी आहे ना समोर!"

"रिकामी गाडी कोन चालाडस, भाऊ? मानसं बठाडा, मंग पाहू."

मग मालक, त्याचा ड्रायव्हर, सोबत आलेला मेहुणा आणि समोरच्या टपरीवर चहा पिणारा एखादा अनोळखी गृहस्थ, असे सगळे गाडीत कोंबले जायचे. गाडी खाली बसायची. नाना पुन्हा बोटं घालायचे. चारही बोटं सैल गेली तर समाधानाने मान डोलवायचे. अडकली, म्हणजे खड्ड्यात टायर पत्र्याला घासणार, तर हात पुसत म्हणायचे, "माले भ्याव वाटस." की मालकाने ओळखावं, आता नवे पाटे किंवा नवी स्प्रिंग घेतल्याशिवाय सुटका नाही.

जळगावात महामार्गाला लागून त्यांचं कमानपाटे, स्प्रिंगा आणि टायरचं दुकान होतं. मी तेव्हा विम्याच्या कामासाठी अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करायचो. कुठे गाडी उलटली की कागद घेऊन मी हजर. सुट्या भागांचे भाव विचारायला नानांकडे जवळपास रोजच जाणं व्हायचं. मी लांबून दिसलो की ते विचारत, "मानसं कशी शेतस?" कोणती गाडी, कुठे धडकली, हे सगळं नंतर. माणसं बरी आहेत म्हटलं की चहा यायचा. नसली, तर नाना आत जाऊन उगाच टायर इकडचे तिकडे करत बसायचे, आणि मीही उठून जायचो.

नाना भित्रे होते. आता ते नाहीत म्हणून माघारी बोलतोय असं समजू नका, तोंडावरही कितीदा म्हटलं आहे. छताच्या पंख्याखाली ते कधी झोपले नाहीत. केळं खाल्लं तर साल हातात धरून पार उकिरड्यापर्यंत चालत जायचे, कुणी घसरून पडलं तर काय घ्या! आणि जन्मभर गाड्यांची चाकं विकणारा हा माणूस मोटारीत बसायचा नाही. धुळ्याला जायचं झालं तर आधी रेल्वेने चाळीसगाव, तिथे ताटकळून दुसरी गाडी, मग धुळे. एसटीने गेलेला माणूस काम उरकून घरी जेवायला येतो, तेव्हा नाना अजून चाळीसगावच्या फलाटावर असायचे.

तुम्हाला वाटेल, यामागे काही जुना अपघात असणार. मलाही तसंच वाटलं होतं. लोक तर त्यांच्या नावावर काय काय खपवायचे. शेवटी एकदा मीच विचारलं.

"काहीच नही व्हयनं, भाऊ," नाना म्हणाले. "माले भ्याव वाटस, बस. भ्यावले कारण लागस का?"

अशा माणसाच्या पोटी देवाने मुलगी दिली ती लुना भरधाव पळवणारी. ती कॉलेजात निघाली की नाना दुकानाच्या पायरीवर उभे राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचे. ती ओरडायची, "नाना, तुमी भीत बठा, मी जास!" आणि नाना खरंच भीत बसायचे.

तिच्यासाठी धुळ्याचं स्थळ मीच आणलं. मुलाचे वडील बांधकामाचे ठेकेदार, घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा शिकलेला, स्वभावाने मोकळा. साखरपुडा झाला. सगळं गोडीगुलाबीने चाललं होतं. मोडता घातला तो एका मोटारीने.

मुलाचा काका आफ्रिकेत नोकरीला होता. परत येताना त्याने परदेशी बनावटीची, लांबट, डिकीवाली मोटार आणली आणि पुतण्याला देऊन टाकली. नव्वदीच्या मध्यावरचा तो काळ. धुळ्यात ती एकमेव असावी. लग्नाला थोडे दिवस उरले असताना जावई ती घेऊन जळगावला आला. हातात परदेशी मासिकातलं एक चित्र. चित्रातली गाडी जमिनीला पोट टेकून बसली होती आणि तिची चाकं एवढी मोठी की वरची कमान भरून गेलेली.

"मामा, वरात याच गाडीतून न्यायची आहे," जावई म्हणाला. "अशी दिसली पाहिजे. खाली बसवा आणि चाकं मोठी टाका. हिची चारही चाकं ओढतात, मामा! चिखलातूनही निघते."

"चारही वढतस, त मंग चारही सारखी पाह्यजेत," नाना म्हणाले. तेवढं एकच त्यांनी ठामपणे सांगितलं. जावयाला रुंद टायर फक्त मागे हवे होते. तसं केलं तर पुढची चाकं एका हिशेबाने फिरणार, मागची दुसऱ्या, आणि मधला गिअरबॉक्स त्या ओढाताणीत तापून मरणार, हे नानांनी त्याला समजावलं. चारही टायर एका मापाचे, स्टेपनीसुद्धा त्याच मापाची. जावई कबूल झाला. स्प्रिंग कापून गाडी खाली घ्यायलाही नानांनी नकार दिला. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात जागची हलते म्हणाले. तोही मुद्दा त्याने मानला.

पण मग मुंबईहून मागवलेल्या दोन तऱ्हेच्या स्प्रिंगा समोर मांडल्या गेल्या. एक गाडीला जराशी खाली घेणारी, दुसरी पार चित्रातल्यासारखी. रिमही दोन तऱ्हेचे, मोठे आणि फारच मोठे. जावयाने दोन्हींतलं टोकाचं उचललं. नाना माझ्याकडे बघत राहिले. इतर कुणी गिऱ्हाईक असतं तर त्यांनी हात पुसून 'भ्याव वाटस' म्हटलं असतं. इथे समोर जावई होता. लग्नाआधी जावयाच्या पहिल्याच मागणीला नाही म्हणायचं, आणि तेही मुलीच्या बापाने? नानांनी जॅक लावायला सांगितलं.

गाडी सजली. दिसत होती मोठी देखणी, खोटं कशाला बोलू! जावई तिच्याभोवती फिरून फिरून बघत होता. नानांनी फटीत हात घातला. रिकाम्या गाडीतच दोन बोटं जेमतेम शिरली.

"जावईबापू, वरातले हिच्यात कोन कोन बठनार शे?"

"मी, तुमची मुलगी, करवली, पाठराखीण आणि आई."

"मंग त्यास्ले एकदाव आना. बठाडी पाहू."

जावयाला ती गंमत वाटली. गाडी दुकानातच ठेवून, हसत हसत तो एसटीने धुळ्याला गेला. नाना हसले नाहीत. दुकान बंद करताना माझा दंड धरून म्हणाले, "भाऊ, मनी आंडेर बठनार शे इन्हामा." लेकीला ते आंडेर म्हणत. मी थट्टा करणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहून शटर ओढायला हात लावला.

भीतीने माणूस काय करेल सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी मला न विचारता एसटीडी बूथवरून धुळ्याला फोन लावला. फोन व्याह्यांनी घेतला. घर पाहुण्यांनी भरलेलं. नानांनी जे होतं ते सरळ सांगितलं: विहीणबाईंना एकदा दुकानावर पाठवा, त्यांना गाडीत बसवून स्प्रिंग किती दबते ते पाहायचं आहे.

विहीणबाई चांगल्या भरल्या अंगाच्या होत्या, हे इथे सांगणं भाग आहे.

मुलीकडच्यांनी वराच्या आईला, तिचा मान राहिला बाजूला, वजनासाठी दुकानावर बोलावलं! पाहुण्यांत हसू पिकलं. विहीणबाई उठून आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. पुढच्या दिवशी सकाळी जावई पहिल्या एसटीने जळगावला आला तो उतरलेला चेहरा घेऊन. "मामा, आई जेवत नाही. बाबा म्हणतात, या लग्नाचा फेरविचार करावा लागेल. तुम्ही आत्ताच्या आत्ता चला."

"चाळीसगाववरून…" नाना पुटपुटले.

"मामा, तोवर संध्याकाळ होईल! पाहुण्यांसमोर बाबा एकदा बोलून बसले तर शब्द मागे घेणार नाहीत. गाडीत बसा."

नानांच्या मागे दारात मुलगी उभी होती. तिच्या तोंडावरचं हसू मी पहिल्यांदाच पुसलेलं पाहिलं. नानांनीही ते पाहिलं असावं. त्यांनी पायात चपला सरकवल्या.

आम्ही निघालो ते असे: जावई गाडी चालवायला, शेजारी मध्यस्थ म्हणून मी, मागे नाना मध्ये, त्यांच्या एका बाजूला मानाची साडी मांडीवर घेतलेल्या अक्का, म्हणजे नानांच्या पत्नी, आणि दुसऱ्या बाजूला थोरले भाऊ आबा. रुसवा काढायला वडीलधारं माणूस हवं म्हणून आबा, आणि आबा विहीणबाईंपेक्षा काकणभर जडच. घाईत एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही, नानांच्यासुद्धा. आज गाडीत माणसं बसली होती.

गिरणेच्या पुलावर नानांनी डोळे मिटले. पाय पुढच्या सीटखाली असे रोवले होते की जणू ब्रेक त्यांच्याच पायात आहे. जावई लग्नाच्या काळजीने गाडी पळवत होता. पलीकडे एरंडोलच्या अलीकडे केळीचा ट्रक समोरून रस्ताभर आला, तेव्हा जावयाने गाडी डांबरावरून खाली घेतली. गाडी दणकन दबली आणि मागून आवाज आला. खर्रर्र.

"काय घसायनं?" नानांनी डोळे उघडले.

"काही नाही मामा, खडी उडाली."

तो आवाज मला ओळखीचा होता. फुटलेल्या टायरच्या किती गाड्या मी पाहिल्या होत्या, आणि त्यांतून वाचलेल्या माणसांनी मला सांगितलं होतं की आधी थोडा वेळ काहीतरी घासत होतं. आता प्रत्येक खड्ड्याला तो आवाज येत होता. मग रबर जळल्याचा वास आला. तरीही मी गप्प होतो, कारण थांबलो तर लग्न मोडेल असं मलाही वाटत होतं. इतकी वर्षं नानांना भित्रा म्हणणारा मी, आणि माझी भीती अशी की तोंडातून शब्द फुटू देईना.

पारोळ्याच्या अलीकडे उतार लागला. गाडीने वेग घेतला. आणि ज्या माणसाने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता तो माणूस माझ्या कानामागे किंचाळला, "आरे, थांबाड! थांबाड गाडी!"

जावयाला अरेतुरे! जावयाने दचकून ब्रेक दाबला.

आम्ही उतरलो. आबा बसले होते त्या बाजूच्या मागच्या टायरची कड मडगार्डच्या पत्र्याने गोल कातरत नेली होती. आतले धागे बाहेर आले होते. नानांनी हात पुढे केला, पण टायर इतका तापला होता की त्यांनी तो मागे घेतला. जावई बाभळीखाली मटकन बसला.

"मीच बसवली ही चाकं," नाना म्हणाले. मराठी साफ होती त्यांची, शाळेत परीक्षा देताना बोलावी तशी. "बोटं शिरत नव्हती, तरी बसवली. नाही म्हणायची भीती वाटली."

स्टेपनी त्याच मापाची होती म्हणून चाक तरी बदलता आलं. पण भरल्या गाडीत ती पुन्हा कातरली गेली असती. ठरलं असं की आम्ही चौघांनी एसटी धरायची आणि जावयाने रिकामी गाडी हळूहळू आणायची. आम्ही एसटीला हात दाखवला. अक्का चढल्या, आबा चढले. नाना चढेनात.

"नाना, चला ना! सुटलात तुम्ही त्या गाडीतून."

"पोऱ्याले एकला सोडू नका," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "घाबरेल शे तो. मी बठस त्याना संगे." आणि ते जाऊन पुढच्या सीटवर बसले. एसटीच्या मागच्या काचेतून मला ते दिसत राहिले, दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरलेले.

धुळ्यात पोचलो. व्याह्यांनी बसा म्हटलं नाही, पण नकोही म्हटलं नाही. मी घडलं ते सगळं मोठ्याने सांगितलं, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. दार उघडलं नाही. चहा आला आणि तसाच निवला. वेळ जात होता. रस्त्यावर हॉर्न वाजला की आम्ही सगळे एकदम माना वळवायचो. कधी रिक्षा, कधी ट्रक. व्याही आधी घुश्शात होते, ते हळूहळू येरझारा घालू लागले. माझ्या डोळ्यांसमोर तर माझ्याच पाहणीतल्या सगळ्या गाड्या एकामागून एक येत होत्या.

मग आतल्या दाराची कडी वाजली. विहीणबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. रडून डोळे सुजले होते.

"कुठवर आली असेल हो गाडी?" त्यांनी मला विचारलं. त्या तिथेच उंबऱ्यावर टेकल्या. "ती गाडी आल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. तो घरी येईस्तोवर मी रोज अशीच बसते. कुणाला सांगितलं तर हसतात." मग अक्कांकडे बघून म्हणाल्या, "ते आहेत ना त्याच्यासोबत? तुमचे?"

"शेतस ना. तेच शेतस," अक्का म्हणाल्या, आणि सरकून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. मानाची साडी अजून मांडीवरच होती. द्यायची कुणाला आठवण नव्हती.

ऊन कलायला लागलं तेव्हा गाडी आली. इतकी हळू की तिच्यापुढे सायकलवाले होते. नाना उतरले आणि दार धरून उभे राहिले. विहीणबाईंनी आधी मुलाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपलं. मग डिकी उघडायला लावून तो कातरलेला टायर पाहिला. नाना हात जोडून म्हणाले, "ताई, माझं चुकलं. मी तसं बोलवायला नको होतं."

विहीणबाई गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. सगळ्या पाहुण्यांच्या देखत. गाडी कलंडल्यासारखी दबली. कुणाच्याही तोंडून हसू फुटलं नाही.

"मोजा," त्या म्हणाल्या. "नीट मोजा. तुमची लेकही बसणार आहे अन माझा पोरगाही."

ती गाडी मग नानांनी पुन्हा उघडली. गाडी जराशीच खाली घेणाऱ्या स्प्रिंगा, लहान मापाचे रिम. जावयाने मासिकातलं चित्र कुठे टाकलं मला ठाऊक नाही.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. निरोपाच्या वेळी गाडी मांडवासमोर उभी राहिली. जावई बसला, विहीणबाई बसल्या, करवली, पाठराखीण. शेवटी नवरी बसली. सनई थांबली, नारळ फुटला. नाना खाली वाकले आणि त्यांनी मागच्या चाकावर हात घातला.

चार बोटं अगदी सैल गेली. मी शेजारीच होतो, मला दिसत होतं. मी म्हटलं, "झालं नाना, उत्तम." व्याही म्हणाले, "निघू द्या आता, उजेडात पोचलेलं बरं." नानांनी डोळे मिटलेले होते. हात तसाच आत. ड्रायव्हरच्या जागेवरून जावयाने मागे वळून पाहिलं, पण चावी फिरवली नाही. चाकावर सासऱ्याचा हात असताना कोण गाडी हलवणार!

कुणी त्यांना उठवायला पुढे होईना. मीही झालो नाही. गाडीत आता काही खोट उरली नव्हती, आणि नानांना ते माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

मग मागच्या खिडकीतून हिरवा चुडा भरलेला एक हात बाहेर आला आणि त्यांच्या फेट्यावर टेकला.

"मानसं बठेल शेतस, नाना," ती म्हणाली. "आते हात काढा."